जैसे थे

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझा सर्व्हर एका जुन्या कपाटात राहतो.
दार लावलं की तापतो, उघडं ठेवलं की
खालच्या मासळीचा वास त्याच्या पंख्यात शिरतो.

एकशे बेचाळीस नावं सांभाळतो तो.
चार ट्रॉलर, गोदाम, जाळीवाले, दवाखाना,
आणि फेरीबोटीवरचा एक स्वयंपाकी,
त्याला यादीत कुणी घेतलं, कुणालाच आठवत नाही.

पूर्वी ट्रॉलर जोडला गेला की अख्खी यादी मागायचा,
दर वेळी, पहिल्या नावापासून,
आणि उपग्रहाची महागडी वीस मिनिटं
ओळखीच्यांची ओळख करून घेण्यात सरायची.
माणसाला घरी फक्त ‘जेवलो’ एवढंच कळवायचं असायचं.

म्हणून मी आकडे घातले.
आता ट्रॉलर म्हणतो: माझ्याकडे तीनशे अकरा.
सर्व्हर आपली वही बघतो.
आकडा तोच असेल तर रिकामा हात पुढे करतो.
म्हणजे, जैसे थे.
पुढे सरकला असेल तर फरक तेवढा देतो,
कोण आलं, कोण गेलं, कुणाचं नाव बदललं.

मधलं काही तो सांगत नाही, हे मला उशिरा उमगलं.
मालान अकरा दिवस बर्फावर कामाला होती.
आली तेव्हा घातली, गेली तेव्हा काढली,
आणि ते अकराही दिवस ‘लोमवीगी’
बेअर आयलंडच्या पलीकडे, सिग्नलबाहेर.
परतली तेव्हा आकडा दोनानं पुढे, यादी होती तीच.
त्या अठरा जणांच्या लेखी
मालान कधी नव्हतीच.

मंगळवारी मौरिट्स गेला.
जाळ्यांच्या शेडमध्ये, लाकडी सुई हातात, गाठ अर्धी.
संध्याकाळी गोदामाच्या बाईंची चिठ्ठी आली:
यादी स्वच्छ करून घ्या.
त्यांचं काय चुकलं? भिंतीवरचा नियम माझ्याच अक्षरात आहे.

त्याच्या नावावर कर्सर नेला आणि मोजलं.
काढलं की तीनशे चौदा.
पहाटे पाच चाळीसला ‘लोमवीगी’ म्हणेल, माझ्याकडे तेरा,
आणि सर्व्हर, त्याला खोटं बोलता येत नाही,
एका ओळीत सांगून मोकळा होईल.
बाइनिर पहिल्या पाळीला असतो.
पाळी सुरू व्हायच्या आत बापाला दोन शब्द लिहितो, रोज.
त्याचं बोट सवयीनं खाली सरकेल
आणि त्या जागी
पुढचं नाव वर चढलेलं असेल.

कप्तानाला रेडिओवर गाठलं.
तो म्हणाला, दोर ताणलेला असताना नाही सांगत.
जाळं वर येऊ दे.

मी कर्सर मागे घेतला.

पाच चाळीस.
माझ्याकडे तीनशे तेरा.
रिकामा हात.
कपाटाचं दार उघडं टाकून मी समोर बसून राहिले.
मग बाइनिरची ओळ आली, बापाच्या नावावर:
वारा उत्तरेचा. हातमोजे सापडले.
शेडमध्ये खुंटीवरच्या कोटात
मौरिट्सच्या फोनला अजून चार्ज होता.
सर्व्हरनं इमानानं लिहिलं: पोचला.

गुरुवारी कप्तानाचा फोन. सांगितलं, म्हणाला. बाकी काही नाही.
मी नाव काढलं.

शनिवारपर्यंत ‘लोमवीगी’वरचे सतरा फोन
चौदावर आले.
एक अजून तेरावर आहे.
बंद असेल, किंवा उशाखाली असेल,
मला विचारायचा अधिकार नाही.
विचारायचं त्यानं असतं,
माझ्याकडे अमुक आहे, पुढे काय झालं?
तोवर माझ्याकडून काही जात नाही.